घाईची पिशवी: क्लीव्हलँडमधल्या एका औषधचुकीचा अभ्यास

26 फेब्रुवारी 2006. रविवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात रेनबो बेबीज अँड चिल्ड्रन्स हॉस्पिटल नावाचं मुलांचं मोठं रुग्णालय आहे. तिथे एमिली जेरी नावाची मुलगी किमोथेरपीसाठी दाखल होती. तिला दोन वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. पोटात योक सॅक ट्यूमर नावाची गाठ होती. उपचारांना गाठीने छान दाद दिली होती आणि ही शेवटची फेरी होती. ती संपली की घरी.

त्या दिवशी तिला इटोपोसाइड हे किमोचं औषध द्यायचं होतं. ते कुपीत घट्ट असतं, मिलीलिटरला 20 मिलिग्रॅम. तसंच शिरेत सोडता येत नाही. नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे 0.9 टक्के सोडियम क्लोराइडमध्ये, भरपूर पातळ करून सावकाश द्यावं लागतं. फार्मसीच्या आयव्ही रूममध्ये, म्हणजे शिरेतली औषधं मिसळायच्या खोलीत, हे काम टेक्निशियन करते, फार्मासिस्ट तपासतो आणि सही करून पिशवी वॉर्डात पाठवतो. त्या दिवशी टेक्निशियनने 0.9 टक्क्यांची तयार पिशवी वापरली नाही. तिने रिकाम्या पिशवीत 23.4 टक्क्यांचं सोडियम क्लोराइड भरलं आणि त्यात औषध मिसळलं. तपासणीला एरिक क्रॉप नावाचे फार्मासिस्ट होते. पिशवी त्यांच्या नजरेखालून गेली आणि एमिलीला लावली गेली. 1 मार्चला एमिली वारली.

आधी आकडे बघू, कारण त्याशिवाय चुकीचा आवाका कळत नाही. नॉर्मल सलाईनच्या 100 मिलीलिटरमध्ये 0.9 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पावभरापेक्षाही कमी. 23.4 टक्क्यांच्या 100 मिलीलिटरमध्ये 23.4 ग्रॅम, सव्वीसपट. रक्तात लिटरमागे सोडियम साधारण 135 ते 145 मिलिमोल असतं. नॉर्मल सलाईनमध्ये ते 154 असतं, म्हणून शरीराला चालतं. 23.4 टक्क्यांच्या द्रावणात ते सुमारे 4000 असतं. इतकं मीठ रक्तात गेलं की ते पेशींमधलं पाणी ओढून घेतं आणि त्याचा पहिला तडाखा मेंदूला बसतो. दोन वर्षांच्या लहानग्या जिवाकडे हे सोसण्याइतकी गंगाजळी नसते.

आणि दिसायला? दोन्ही द्रावणं पाण्यासारखी स्वच्छ. रंग नाही, वास नाही, गढूळपणा नाही. या प्रकरणाचं अर्धं मर्म इथेच आहे, त्याकडे पुढे येते.

इतकं घट्ट मीठ त्या खोलीत होतंच कशाला, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी शिरेतून द्यायचं संपूर्ण पोषण फार्मसीत तयार होतं. त्यात सोडियम मोजून घालायचं तर ते घट्टच लागतं, नाहीतर पिशवीत पाणीच पाणी होईल. म्हणजे ते तिथे असणं गैर नव्हतं. उलट एका जुन्या सुधारणेमुळेच अशी द्रावणं फार्मसीत एकवटली होती. एकेकाळी अमेरिकेत घट्ट पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या वॉर्डातल्या कपाटांत ठेवलेल्या असत. ते पातळ न करता दिलं जाऊन माणसं दगावली. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 1998 मध्ये यावर इशारा दिला आणि पुढे 2003 पासून घट्ट क्षार वॉर्डांतून हलवायला सांगितलं. निर्णय योग्यच होता. पण वॉर्डातला धोका उचलून फार्मसीच्या एका खोलीत आणून ठेवला की त्या खोलीतल्या माणसांवर शेवटच्या दाराची राखण येते. ते दार किती माणसांनी, किती वेळात, कोणत्या साधनांनी सांभाळायचं हे आधी ठरवावं लागतं.

त्या रविवारी ते दार कसं होतं? औषधचुकांचा अभ्यास करणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या अमेरिकन संस्थेने पुढे त्या दिवसाची परिस्थिती मांडली. फार्मसीचा कॉम्प्युटर सकाळी बंद पडला होता, त्यामुळे ऑर्डरी तुंबल्या. माणसं कमी होती. क्रॉप यांना कामातली नेहमीची मधली सुट्टी घेता आली नाही, जेवायलाही वेळ मिळाला नाही. आयव्ही रूममधली टेक्निशियन त्या दिवशी स्वतःच्या लग्नाच्या तयारीत गुंतली होती, तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यात वॉर्डातून नर्सचा फोन आला: किमोची पिशवी लवकर पाठवा. क्रॉप यांनी घाईने तपासलं. प्रत्यक्षात ती पिशवी आणखी काही तास लागणार नव्हती, असं नंतर पुढे आलं.

यातलं एकेक कारण सुटं घेतलं तर कुणी म्हणेल, असं तर रोजच होतं. म्हणूनच तर ते तपासायला हवं.

कॉम्प्युटर बंद पडणं घ्या. बाहेरच्याला वाटतं, दोन तास बंद होता, मग सुरू झाला, झालं. आत काम करणाऱ्याला ठाऊक असतं की यंत्र सुरू झालं त्या मिनिटापासून खरी धावपळ सुरू होते. सकाळचं काम दुपारच्या कामावर चढतं. लेबलांचा गठ्ठा एकदम बाहेर पडतो. प्रत्येक वॉर्डाला आपलंच औषध राहिलं असं वाटतं, आणि ते खरंही असतं. अशा वेळी जास्तीची माणसं बोलवायची, नाहीतर न लागणारं काम पुढे ढकलायचं, हे ठरवण्याचा अधिकार काउंटरवरच्या फार्मासिस्टकडे सहसा नसतो. तो ज्याच्याकडे असतो तो रविवारी घरी असतो.

आता फोन. या प्रकरणातला मला सर्वांत जास्त खुपणारा भाग हाच, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. त्या नर्सचा दोष काढायचा नाही. औषध वेळेवर आलं नाही तर रुग्णाच्या आईसमोर तिलाच उभं राहावं लागतं. फार्मसीला उशीर होतो हे अनुभवाने शिकलेल्या सिस्टर वेळेच्या बऱ्याच आधी फोन करायला लागतात. फार्मसीला मग प्रत्येक फोन तातडीचाच वाटतो, आणि ज्याचा फोन आला त्याचं काम वर जातं. ते पाहून इतर वॉर्डही फोन करू लागतात. कुणी खोटं बोलत नाही, कुणी आळशी नसतं, तरी थोड्याच दिवसांत ‘तातडीचं’ या शब्दाला किंमत राहत नाही. दोन विभाग एकाच इमारतीत असतात, पण एकमेकांचं काम त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. फार्मासिस्टला वॉर्डातलं घड्याळ दिसत नाही, सिस्टरला आयव्ही रूममधला ढीग दिसत नाही. मधे असतो फक्त तो फोन. ‘किती वाजता लावायची आहे?’ एवढा एकच प्रश्न तिथे बसला असता तर तपासणाऱ्या हातांना काही तास मिळाले असते.

पण तो प्रश्न विचारणं वाटतं तितकं सोपं नसतं. तो विचारला की समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. रुग्णालयाच्या उतरंडीत फार्मसी तळघरात असते, पुष्कळदा अगदी शब्दशः. लोकांच्या लेखी तिचं काम ‘माल पाठवणं’. जलद पाठवणारा तो चांगला फार्मासिस्ट, थांबवून विचारणारा तो कटकट्या. ही प्रतिमा कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नसते, पण नवा माणूस पहिल्याच महिन्यात ती शिकतो आणि त्याचे हात त्या बेताने चालू लागतात.

टेक्निशियनकडेही जरा वेगळ्या नजरेने बघायला हवं. तिचं मन कामात नव्हतं, हे खरं. पण त्या वेळी ओहायोत फार्मसी टेक्निशियनला नोंदणी, ठरावीक प्रशिक्षण किंवा परीक्षा, काहीही कायद्याने बंधनकारक नव्हतं. मुलांची किमो मिसळणारी व्यक्ती आणि मिठाचं प्रमाण जाणणारी व्यक्ती एकच असेल, याची खात्री राज्याने कधी करून घेतली नव्हती. मग ‘फार्मासिस्ट तपासतो ना’ या एका वाक्यावर सगळा भार येऊन पडतो.

तेव्हा आता ती तपासणीच बघू. फार्मासिस्टच्या समोर काय येतं? तयार झालेली पिशवी, तिच्यावरचं लेबल, वापरलेल्या कुप्या, सिरिंज. लेबल ऑर्डरवरून छापलेलं असतं, म्हणजे त्यावर जे असायला हवं तेच लिहिलेलं असतं. आत काय आहे ते लेबलला माहीत नसतं. द्रावण पारदर्शक. बऱ्याच ठिकाणी किती औषध घातलं हे दाखवायला टेक्निशियन रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून ठेवते. त्यावरून फार तर आकडा कळतो, पण द्रव कुठल्या बाटलीतला होता हे कळत नाही. औषधचुकांचा अभ्यास करणाऱ्या त्याच संस्थेने पुढे या पद्धतीवर विसंबू नका असं स्पष्ट सांगितलं. शिवाय शंभरातल्या नव्व्याण्णव पिशव्या बरोबरच असतात. बरोबर दिसण्याची सवय लागलेल्या डोळ्याला शंभरावीही बरोबरच दिसते. याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. माणसाचा मेंदू असाच चालतो, दमलेला आणि उपाशी असला तर जास्तच. काम पुरं झाल्यावरच्या तपासणीचं सहीत रूपांतर व्हायला फार दिवस लागत नाहीत.

एक भौतिक गोष्ट मात्र त्या पिशवीत लपत नव्हती: वजन. 23.4 टक्क्यांचं द्रावण नॉर्मल सलाईनपेक्षा सुमारे 15 टक्के जड असतं. डोळ्याला न दिसलेला फरक तराजूला दिसला असता. आज अनेक रुग्णालयांत औषध मिसळतानाच प्रत्येक बाटलीचा बारकोड वाचतात, फोटो घेतात, पिशवी तोलतात आणि ताळा जमला नाही तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. यात कुणाच्या चांगुलपणावर भिस्त नाही, हीच यातली मोठी गोष्ट. त्याहून साधा उपाय यंत्राशिवायही होता: जिथे तयार पिशवी बाजारात मिळते तिथे हाताने सलाईन भरायचंच नाही, आणि घट्ट मिठाच्या बाटल्या किमोच्या टेबलाच्या आसपास ठेवायच्या नाहीत.

पुढचा भाग न्यायालयातला. ओहायोच्या फार्मसी बोर्डाने क्रॉप यांचा परवाना कायमचा रद्द केला. त्यानंतर फौजदारी खटला उभा राहिला. 2009 मध्ये त्यांनी अनैच्छिक मनुष्यवधाच्या आरोपाला विरोध केला नाही. ऑगस्ट 2009 मध्ये शिक्षा झाली: सहा महिने तुरुंग, सहा महिने घरात नजरकैद, तीन वर्षं प्रोबेशन, 400 तास समाजसेवा, 5000 डॉलर दंड. टेक्निशियनवर खटला झाला नाही. कॉम्प्युटर, कमी माणसं, न मिळालेली सुट्टी यांच्यावर खटला होऊच शकत नाही.

क्रॉप यांच्या हातून चूक झाली नाही असं मी म्हणत नाही. तपासणं हेच त्यांचं काम होतं आणि ते त्या दिवशी झालं नाही. एक मूल गेलं. पण चूक आणि बेदरकारी यांत फरक आहे, आणि या प्रकरणाचा निवाडा करताना तो पुसला गेला असं मला मनापासून वाटतं. सुरक्षिततेच्या क्षेत्रात डेव्हिड मार्क्स यांनी रुळवलेली एक विभागणी आहे. नकळत झालेली चूक एका बाजूला. धोका जाणवत नाही म्हणून अंगवळणी पडलेला आडमार्ग ही दुसरी गोष्ट. आणि धोका स्पष्ट दिसत असूनही केलेलं धाडस ही तिसरी. पहिल्यासाठी माणसाला आधार द्यायचा आणि व्यवस्था बदलायची, दुसऱ्यासाठी समज द्यायची आणि तो आडमार्ग का लागला ते शोधायचं, तिसऱ्यासाठी शिक्षा. घाईतली ती नजर तिसऱ्या खणात कशी बसते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेसनेही या शिक्षेला उघडपणे अन्याय म्हटलं.

तुरुंगाचा परिणाम एका माणसापुरता राहत नाही. फार्मसीत रोज कितीतरी चुका पिशवी बाहेर पडायच्या आधी सापडतात: चुकीची बाटली उचलली आणि परत ठेवली, लेबल दुसऱ्याच रुग्णाला लागलं आणि काढलं. या थोडक्यात टळलेल्या चुका लिहून ठेवल्या तर पुढचा अपघात कुठे होणार ते आधीच कळतं. पण कागदावर लिहिलेलं उद्या वकिलाच्या हातात जाईल असं वाटलं की कोण लिहील? मग वही कोरी राहते आणि कोरी वही दाखवून वरिष्ठ सांगतात, आमच्याकडे चुका होत नाहीत.

कायदाही आला. ‘एमिलीज लॉ’ या नावाने ओळखला जाणारा ओहायोचा कायदा जानेवारी 2009 मध्ये मंजूर झाला. टेक्निशियनचं किमान वय 18, पात्रता परीक्षा, पार्श्वभूमीची पडताळणी हे त्यात आलं. गरज होतीच. पण माझ्या दृष्टीने तो त्या रविवारच्या एकाच धाग्याला हात घालतो. शिकलेली, परीक्षा दिलेली टेक्निशियनही तुंबलेल्या दुपारी चुकीची बाटली उचलू शकते, आणि तिच्या शेजारचा फार्मासिस्ट तरीही उपाशीच असेल.

या सगळ्यात ज्याने सर्वांत जास्त गमावलं त्या बापाने वेगळी वाट धरली. ख्रिस्तोफर जेरी यांनी मुलीच्या नावाने संस्था काढली, औषध सुरक्षिततेसाठी देशभर फिरले, आणि क्रॉप यांना क्षमा केली. पुढे दोघं एकाच व्यासपीठावरून फार्मासिस्टांशी बोलले. वैद्यकातल्या चुकीत रुग्ण पहिला बळी असतो आणि चूक करून बसलेला माणूस दुसरा, ही कल्पना डॉक्टर अल्बर्ट वू यांनी 2000 मध्ये मांडली होती. पहिल्या बळीचा बाप आणि दुसरा बळी एकमेकांशेजारी उभे राहिलेले हे एक उदाहरण आहे. क्षमा हा खाजगी निर्णय असतो, तो कुणाकडून मागता येत नाही. पण त्या क्षमेमुळे क्रॉप बोलू शकले आणि ते बोलले म्हणून आपल्याला त्या दिवसाचा आतला भाग कळतो.

इतर देशांनी काय केलं तेही थोडक्यात. ब्रिटनमध्ये 2007 साली विंडसरच्या एका फार्मासिस्टच्या हातून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडऐवजी प्रोप्रानोलोल हे हृदयाचं औषध दिलं गेलं. तिला 2009 मध्ये स्थगित तुरुंगवासाची शिक्षा झाली, ती अपिलात 2010 मध्ये रद्द होऊन दंडावर आली. तीही दहा तासांच्या पाळीत नीट सुट्टीशिवाय काम करत होती. काही वर्षांनी उत्तर आयर्लंडमध्ये दुसऱ्या फार्मासिस्टच्या हातून याच दोन औषधांची अदलाबदल झाली आणि एक बाई वारली. पहिल्या खटल्याने धाक बसवला असेल, पण कपाटातली दोन खोकी जिथल्या तिथेच राहिली होती. 2018 मध्ये ब्रिटनने कायदा बदलला आणि नोंदणीकृत फार्मसीत अनवधानाने झालेल्या चुकीसाठी फार्मासिस्टला कायदेशीर बचाव दिला.

आपल्याकडे काटा उलट बाजूला झुकला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं तर कमाल दोन वर्षं. फार्मासिस्ट आणि सिस्टर या सवलतीत येत नाहीत. एकाच रुग्णाच्या एकाच औषधाच्या साखळीत डॉक्टरला दोन आणि औषध देणाऱ्याला पाच, असा हा हिशेब आहे. माझ्या ओळखीच्या फार्मासिस्टांपैकी फार थोड्यांना तो माहीत आहे.

त्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक रुग्णालयांत शिरेतली औषधं फार्मसीत मिसळलीच जात नाहीत. ती वॉर्डातली सिस्टर मिसळते, ट्रॉलीवर, चार बेलांच्या आणि दहा नातेवाइकांच्या मधे. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल अजूनही पुष्कळ ठिकाणी त्याच ट्रेमध्ये असतात. बाहेर मेडिकलच्या दुकानात कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टची देखरेख हवी, पण भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर माणूस दुसराच, हे चित्र कुणाला अनोळखी नाही. क्लीव्हलँडमध्ये तपासणारा माणूस हजर तरी होता.

डी. फार्म. आणि बी. फार्म.च्या मुलांना मी हे प्रकरण शिकवते तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासात फळा पुसून टाकते. एकीला सिस्टर करते, एकाला फार्मासिस्ट. सिस्टरच्या हातात एक चिठ्ठी देते: आता दुपारचे दोन, किमो संध्याकाळी सहाला. ती फार्मासिस्टला दाखवायची नाही. मग फोन करायला सांगते. ‘किमो पाठवता का लवकर?’ बहुतेक मुलं लगेच ‘हो मॅडम, पाठवतो’ म्हणतात, आणि आवाजात घाई येते, खोट्या फोनवरसुद्धा. क्वचित एखादा थांबतो आणि विचारतो, ‘सिस्टर, किती वाजता लावायची आहे?’ समोरची मुलगी मग चिठ्ठीकडे बघते आणि म्हणते, ‘सहाला.’